कंडक्टरची सहा नाणी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्ती भगवंतराव मेहेत्रे हे मेहकर आगारात चौतीस वर्षं कंडक्टर होते. चौतीस वर्षं त्यांनी सुट्ट्या पैशांवरून लोकांशी हुज्जत घातली. रिटायर झाल्यावर हा माणूस नाण्याचं तोंडसुद्धा पाहणार नाही असं आम्हांला वाटलं होतं. झालं उलटंच. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या चांदीच्या नाण्यांचा नाद त्यांना नोकरीतच लागला होता, तो रिटायर झाल्यावर पुरता बोकाळला. मेहकरात नाद काय कमी आहेत? कुणाला पत्त्यांचा, कुणाला शंकरपटातल्या बैलजोड्यांचा, कुणाला राजकारणाचा. पण हा असला नाद असलेला अख्ख्या तालुक्यात एकच माणूस, आणि तो नेमका आमच्या वाट्याला यावा, याचा मला कितीतरी वर्षं राग होता.

राग येण्याचं कारणही होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. मुंबईहून पोस्टानं लिलावाची जाडजूड पुस्तकं यायची, सगळी इंग्रजीत, आणि ती वाचून अर्थ सांगायचं काम माझ्याकडं. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग समोर पडलेला असायचा आणि हे खाकी शर्टातच दारात उभे.

"मास्तर, दोनच पानं पाहून द्या ना बापा."

दोन पानांची बावीस व्हायची. मी चिडायचो, ते हसायचे, आणि आमची अक्का चहा आणून ठेवायची. अक्का म्हणजे माझी बहीण विमल, गावासाठी विमलबाई.

नाद लागला तो अक्काच्या जोडव्यांपायी. एकोणनव्वद साली भाऊजी तिच्यासाठी जोडवी घ्यायला खामगावला गेले. खामगावची चांदी नावाजलेली, तेव्हा जोडवी घ्यायची तर तिथूनच. सोनाराच्या तराजूत मोडीची चांदी पडली होती, त्यात एक मोठं काळपट नाणं. राणीच्या रुपयापेक्षा चांगलंच मोठं आणि हाताला जड. नाण्यावर एक बाई बसलेली. मागं गव्हाची पेंढी, पुढं पाणी, पुढं केलेल्या हातात एक डहाळी. सोनार म्हणाला, "अमेरिकेचा डॉलर हाये, संध्याकाळी आटवतो."

भाऊजींनी ते नाणं उजेडात नेलं. त्यांचे वडील भगवंतराव उभा जन्म जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या कामावर होते. भाऊजी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि गाठींवर बसून राहायचे.

"अहो, हे बाई कापसाच्या गाठीवर बसली हाये!" ते सोनाराला म्हणाले. सोनाराला त्याचं काही वाटलं नाही. भाऊजींना मात्र असं वाटलं की सातासमुद्रापलीकडं कुणीतरी आपल्या ओळखीचं निघालं. त्यांनी वजनाच्या भावानं ते नाणं घेतलं आणि उरलेल्या पैशांत जी काय बसली ती जोडवी आणली. ती इतकी हलकी होती की अक्का म्हणायची, पायात घातली आहेत की नाही हे खाली वाकून पाहावं लागतं. त्या दिवसापासून नाण्यावरच्या बाईचं नाव पडलं सवत. नवीन नाणं घरात आलं की अक्का स्वयंपाकघरातून विचारायची, "आली का तुमची गाठीवाली? तिले जेवाले वाढू का?"

पुढं माझ्याच तोंडून भाऊजींना कळलं की या नाण्याला ट्रेड डॉलर म्हणतात. चीनशी व्यापार करायला अमेरिकेनं ते पाडलं, आणि अठराशे त्र्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर अशी सहाच वर्षं ते व्यापारात चाललं. नंतर थोडी पाडली ती नुसती हौशी लोकांसाठी. सहा वर्षं म्हटल्यावर भाऊजींचं ठरलं. दर वर्षाचं एक, अशी सहा नाणी जमवायची, आणि सहाही न घासलेली.

या न घासण्यावर त्यांचा फार कटाक्ष होता. चांदी काळी पडते हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण दीडशे वर्षं हात न लागलेली चांदी नुसती काळी नसते. कडेनं निळसर, मध्ये जांभळट, कुठं जुन्या मधासारखी पिवळी अशी ती होते. हा रंग कुणाला आणता येत नाही, आणि एकदा घासून काढला की तो परत येत नाही. मग ते नाणं पांढरंफटक दिसतं आणि जाणकार माणूस त्याला हात लावत नाही. खामगावचे अर्जुनराव कापडवाले हे भाऊजींचे या नादातले एकमेव दोस्त आणि एका अर्थी चेलेच. त्यांनी नवशिके असताना एक जुना रुपया दंतमंजनानं घासून चकचकीत केला आणि कौतुकानं दाखवायला आणला. भाऊजी सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. खामगावच्या गाडीवर ड्यूटी असताना अर्जुनराव गाडीत चढले, तर तिकीट दिलं, सुटे दिले, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

सहापैकी एक नाणं सोनाराकडं मिळालं. बाकी पाच लिलावात. नागपूर, पुणे, मुंबई इथं हॉटेलांच्या हॉलमध्ये हे लिलाव होतात. एकदा हौसेनं मीही बरोबर गेलो. हॉलमध्ये गार हवा, मऊ खुर्च्या, हातात नंबराच्या पाट्या धरलेले व्यापारी आणि डॉक्टर. त्यांच्यात आमचे भाऊजी मांडीवर रेक्झिनची पिशवी घेऊन, बसमध्ये बसतात तसे कडेच्या खुर्चीत टेकलेले. त्यांची एक रीत होती. घरून निघतानाच एका जुन्या तिकिटाच्या मागं आपला शेवटचा आकडा लिहायचा आणि वरच्या खिशात ठेवायचा. बोली त्या आकड्याच्या पुढं गेली की पाटी खुर्चीवर ठेवून बाहेर चहा प्यायला जायचं, म्हणजे हात वर जायचा प्रश्नच नाही. कितीतरी वेळा ते असे चहा पिऊन रिकाम्या हातानं मेहकरला परत आले. त्र्याहत्तर सालच्या नाण्यासाठी तर ते तेरा वर्षांत नऊ लिलावांना गेले. शेवटी ते सहावं नाणं मिळालं तेव्हा बस डोणगावला थांबली असताना त्यांनी मला फोन केला आणि नुसतंच म्हणाले, "मास्तर, झालं."

मला कबूल केलं पाहिजे, त्या दिवशी माझा राग गेला. सहा नाणी जमवायला माणूस एकतीस वर्षं लावतो, एकदाही उसनवारी करत नाही, घरात कुणाचं काही अडू देत नाही, याला नाद म्हणायचं तर मग माझ्या नोकरीला काय म्हणायचं?

नाणी पुरी झाल्यावर ते ती विकायला निघाले. मी चकित झालो. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. आपली दोन्ही पोरं पुण्याला, त्यांना यात गम्य नाही. आपण गेल्यावर ही चांदी पुन्हा कुणा सोनाराच्या तराजूत जाईल. पण लिलावाच्या पुस्तकात संग्रह नावानिशी छापून आला, की ते नाव नाण्याला कायमचं चिकटतं. पुढं शंभर वर्षांनी कुणी ते नाणं विकलं तरी पुस्तकात लिहावं लागतं, की हे अमक्याच्या संग्रहातलं.

"चौतीस वर्षं तिकिटं फाडली मास्तर," ते म्हणाले. "त्याच्यावर माहं नाव कुठीच नव्हतं. या पुस्तकात एकडाव छापून यावं, मेहेत्रे, मेहकर. बस."

नातीनं, करिष्मानं, मोबाइलवर नाण्यांचे फोटो काढून मुंबईच्या कंपनीला पाठवले. करिष्मा बारावीला होती, कॉलेजसाठी आजीआजोबांकडंच राहायची. कंपनीचं उत्तर आलं, की एवढे चांगले जुने रंग फार दिवसांत पाहिले नाहीत. अख्खं पान देऊ, वर नाव घालू. एक माणूस घरी येऊन नाणी पाहून घेऊन जाईल. अक्काला नाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तकात नाव येणार एवढं कळलं आणि तिनं ते आठ दिवसांत सगळ्या गल्लीला, भाजी बाजाराला आणि भजनी मंडळाला सांगून टाकलं.

नेमकं त्याच आठवड्यात भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. तारीख आधीच ठरलेली, डाव्या डोळ्याचं. थोरला मुलगा सुट्टी काढून आला आणि त्यांना बुलढाण्याला घेऊन गेला. तपासण्या धरून तीन दिवसांचं काम होतं. निघताना भाऊजींनी लोखंडी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "सांभाळा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा होण्याच्या बेतात होतो, तर अक्का आली.

"गोकुळ, किल्ली दे बरं. मुंबईचा माणूस येऊन राह्यला. डब्या पुसून ठेवतो."

मला झोप येत होती. मी उठलो, खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढली आणि तिला दिली. कसल्या डब्या, काय पुसणार, एक शब्द विचारला नाही. जन्मभर पोरांना वाक्याचा कर्ता कोण, कर्म काय, हे विचारत आलो, आणि त्या दिवशी तेवढं विचारायला विसरलो. माझ्या हातून आयुष्यात झालेली ही सगळ्यात मोठी चूक, असं मी आज सरळ लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्या. मीही त्यांना भेटायला गेलो होतो. पुढच्या खोलीत दिवाणावर अक्कानं स्टीलचं ताट मांडलं होतं, त्यात लाल खण, आणि खणावर ओळीनं सहा नाणी. भाऊजींनी काळा चष्मा काढला आणि ताटाकडं पाहिलं.

"अरे बापा! डॉक्टरनं तं कमाल केली! काय लख्ख दिसून राह्यलं!"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो, कारण मी ताटाकडं नीट पाहिलंच नव्हतं. मग भाऊजींनी तळहातानं नवा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्या, जुन्या डोळ्यानं पाहिलं. तो डोळा धुरकट, त्याला समोरच्या माणसाचं तोंडही नीट दिसत नव्हतं. त्या डोळ्यालाही नाणी पांढरी शुभ्र दिसली. त्यांनी हात काढला, पुन्हा झाकला, पुन्हा पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नाणी घासली होती.

अक्का पदराला हात पुसत पुढं आली. तिचा चेहरा फुलला होता.

"चिंच लावली, मंग राखेनं घासली, मंग मऊ फडक्यानं पुसली. दोन दिवस लागले. मुंबईचा माणूस येईन, काळी चांदी पाहीन, अन् म्हणीन, या घरात बाई हाये का नाई?"

भाऊजींनी तिच्या हातांकडं पाहिलं. चिंचेनं बोटांची टोकं पांढरी पडून सोलवटली होती.

"हात आग करते का?" त्यांनी विचारलं.

"थोडी करते."

"तेल लाव," ते म्हणाले. "झकास झाली नाणी. एक नंबर."

मी त्यांना मागच्या अंगणात गाठलं. वांग्याच्या रोपांना ते पाणी घालत होते, डॉक्टरनं वाकू नका सांगितलेलं असताना. मी म्हटलं, "भाऊजी, किल्ली मी दिली. मी अक्काला सांगून टाकतो."

"काय सांगता?"

"काय झालं ते."

त्यांनी पाण्याचा मग खाली ठेवला. "एकतीस वर्षं तिनं त्या बाईले सवत म्हटलं. कधी हात लावला नाई. आता पह्यल्या डाव हातात घेतली, न्हाऊ घातली, अन् तुम्ही तिले सांगता का तुवा तिचा जीव घेतला? गप बसा मास्तर. तुमी बी गप, मी बी गप."

हे बोलताना त्यांचा आवाज ठीक होता. पण मग चुकून तेच रोप त्यांनी पुन्हा भिजवलं, आणि परत भिजवलं. मी तिथं जास्त वेळ उभा राहू शकलो नाही.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला. प्रज्वल नाव, विशीतला तरतरीत मुलगा, बोलायला मऊ. अक्का आत भजी तळत होती. त्यानं पहिलंच नाणं भिंगाखाली धरलं आणि तसाच थांबला. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढून करिष्मानं पाठवलेले फोटो पाहिले, आणि भाऊजींकडं पाहिलं.

"काका, ही तीच नाणी आहेत?"

"तीच."

"कुणी घासली ही?"

भाऊजींनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं. आतून तेलाचा चर्र आवाज येत होता. "मी," ते हळू म्हणाले.

प्रज्वलचा विश्वास बसला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. एकतीस वर्षं नाणी जमवलेला माणूस असं करणार नाही, एवढी अक्कल त्याला होती. पण त्यानं पुढं काही विचारलं नाही, हे त्याचं शहाणपण. त्यानं भिंग पुसलं आणि सांगितलं, की आता अख्खं पान निघणार नाही. नाणी खरी आहेत, विकली जातील, पण शेवटच्या भागात, किरकोळीत. आणि घासलेली आहेत हे छापावंच लागेल, तो नियमच आहे.

मग तो थोडा अडखळला. "काका, एक करता येईल. तुमचं नाव नको घालू या. नुसती नाणी छापू. नाव घातलं तर, म्हणजे, संग्राहक लोक बोलतात. तुमचं नाव म्हणजे घासणारा माणूस असं होईल."

भाऊजींनी आतल्या दाराकडं पुन्हा पाहिलं. मला त्यांचा हिशेब कळत होता. नाव काढलं तर अब्रू राहते, कुणाला काही कळत नाही. पण मग पुस्तकात नाव का नाही, हे अक्का विचारणार. गल्ली विचारणार, भजनी मंडळ विचारणार. कुणीतरी कुठूनतरी खरं कारण काढणार, आणि ते फिरून तिच्या कानावर येणार.

"नाव टाका," भाऊजी म्हणाले. "मेहेत्रे, मेहकर. अन् त्याच्या खाली लिहा, मालकानं घासली."

"मालकानं हे लिहायची गरज नाही काका. नुसतं घासलेली म्हटलं तरी चालतं."

"नाई. मालकानंच लिहा. लोकं उगाच दुसऱ्या कोणाचं नाव घेतीन."

तेवढ्यात अक्का भज्यांची ताटली घेऊन आली आणि प्रज्वलला म्हणाली, "पाह्यली का नाणी? कशी हाये?" तो पोरगा जागचा उठला आणि म्हणाला, "फारच सुंदर आहेत काकू." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी एक भजं तोंडात टाकलं, ते कढत होतं, जीभ पोळली, आणि डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

दोन महिन्यांनी पुस्तक आलं. अक्कानं मला बोलावणं धाडलं. मी मुद्दाम उशीर केला, म्हटलं, आपण वाचून दाखवताना ती ओळ गाळून टाकू. पण मी पोचायच्या आधीच करिष्मानं पान काढून वाचलं होतं, आणि शब्दाला शब्द अर्थही सांगितला होता. मी दारात पाऊल ठेवलं तर आतून अक्काचा आवाज चढलेला. कळलं हिला, असं वाटलं.

"मालकानं?" ती म्हणत होती. "मालकानं घासली? या माणसानं जन्मात चहाची कपबशी घासली का? दोन दिवस मी मरमर मेली, बोटं सोलली, अन् पुस्तकात नाव यांचं!"

भाऊजी दिवाणावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. एका क्षणात मला कळलं, की अक्काला ती कौतुकाची ओळ वाटली आहे. लग्नाच्या आहेरावर नाव घालतात, देवळाच्या पायरीवर नाव घालतात, तशी. आणि तिच्या मेहनतीवर नवऱ्यानं आपलं नाव टाकून घेतलं आहे.

"बोला ना आता," अक्का म्हणाली. "काऊन नाई सांगतलं त्या पोराले, का माह्या बायकोनं घासली?"

"चुकलं माहं," भाऊजी म्हणाले.

"चुकलं म्हणे!"

"खरंच चुकलं. नाव तुहं पाह्यजे होतं."

त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येकाला अक्का पुस्तक उघडून दाखवायची. फोटो दाखवायची, छापलेलं नाव दाखवायची, आणि मग खालच्या ओळीवर बोट ठेवून गाऱ्हाणं मांडायची. घासली मी, नाव यांचं. बाया हसायच्या, भाऊजींना टोमणे मारायच्या. भाऊजी मान डोलवायचे. नाणी मुंबईत विकली गेली, कुण्या नागपूरच्या डॉक्टरांनी सहाही एकत्र घेतली असं कळलं. पण त्याचं घरात कुणाला फारसं अप्रूप उरलं नव्हतं.

मला मात्र हे पाहवत नव्हतं. एकदा मी म्हणालो, "भाऊजी, नाव गेलं ते गेलं, वर बायकोचा बोल खाता. कशाला?" ते म्हणाले, "तिले राग तरी चांगला येऊन राह्यला. रडली असती तं काय केलं असतं?"

आणि मग एका रविवारी सकाळी अर्जुनराव कापडवाले आले. पहिल्या बसनं आले असावेत. चपला काढायच्या आधीच त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं होतं. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला होता.

"निवृत्ती, हे काय हाये?" ते उभ्यानंच म्हणाले. "हे काय छापलं? मले खोटं वाटलं. म्या मुंबईले फोन लावला. तो म्हणे खरं हाये, मालकानं सोताच सांगतलं."

"बसा," भाऊजी म्हणाले.

"बसत नाई. एका रुपयापायी सहा महिने तू माह्याशी बोलला नाई. गाडीत तिकीट दिलं अन् तोंड फिरवलं. तवापासून म्या एका नाण्याले बोट लावलं नाई. अन् तू? काऊन केलं बे असं? त्र्याहत्तरचं नाणं! तुले माहीत हाये का, घासणं म्हणजे..."

"अर्जुनभाऊ!" आतून अक्का आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी कप खाली ठेवला. आता ते वाक्य पुरं होणार आणि सगळं उघडं पडणार, हे मला दिसत होतं. भाऊजी अर्धवट उठले होते.

"तुम्ही यायच्यावर काऊन चिडता?" अक्का म्हणाली. "यायनं कुठी घासली? म्या घासली. दोन दिवस लागले मले, चिंचेनं, राखेनं. हे तं तवा ऑपरेशनले बुलढाण्याले होते. अन् पुस्तकात नाव मात्र सोताचं लावून घेतलं. तुमीच सांगा, हे बरं हाये का?"

अर्जुनरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या हाताकडं. मग भाऊजींकडं, आणि ते बराच वेळ भाऊजींकडंच पाहत राहिले. भाऊजींनी नुसती मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून.

अर्जुनराव खाली बसले. पुस्तक त्यांनी मिटून पिशवीत घातलं. तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले, बरंच प्यायले, आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"नाई वहिनी," ते म्हणाले. "हे काही बरं नाई केलं यानं. घासली तुमी, तं नाव तुमचंच पाह्यजे होतं."

"पाह्यलं का!" अक्का भाऊजींना म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

भाऊजी पुन्हा दिवाणावर टेकले. अर्जुनराव उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांच्या मध्ये बसमधल्या सीटवर असतं तेवढंच अंतर होतं. अर्जुनरावांनी हात पुढं केला आणि भाऊजींचा गुडघा धरला, तसाच धरून ठेवला, चहा येईपर्यंत.